मुरुडला गाडीने जायचं की बोटीने?

नाताळच्या सुट्टीत एक दिवस मुरुडला जाऊन यायचं, एवढंच ठरवायचं होतं. त्यावर आमच्या घरात आठ दिवस वाद चालला. नवऱ्याचं म्हणणं, दारात गाडी असताना लाँच, बस, रिक्षा हा खटाटोप कशाला? मला बोटीने जायचं होतं. सासूबाईंना काहीही चाललं असतं, त्यांना माहेरचं गाव बघायचं होतं. पाचवीतल्या मुलाला अर्थातच बोट हवी होती. आणि नववीतली लेक, जी घरातल्या कुठल्याही वादात बापाच्या विरुद्ध बाजूला असते, ती या वेळी गाडीच्या बाजूने उभी राहिली.

मला वाटलं, झोपायला मिळतं म्हणून. चौथ्या दिवशी भांडी आवरताना तिला विचारलं, तर म्हणाली, ‘‘गाडीत कुणी बघत नाही ना, मम्मी.’’

ती मागच्या वर्षापासून डोक्याला स्कार्फ बांधते. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः साडीवर पदर घेणारी आहे. तिला बांधायचा आहे, बांधते. तिला कुणी काही बोललं का, लोकलमध्ये काही झालं का, असं मी खोदून विचारलं. नाही, काही झालेलं नव्हतं. फक्त बघतात. डब्यात चढलं की दोन-तीन नजरा वर येतात, थोडा वेळ थांबतात आणि खाली जातात. चौदा वर्षांच्या मुलीने तक्रार करावी असं त्यात काहीच नाही, म्हणून तिने आजवर केली नव्हती. तिने फक्त गाडी निवडली.

त्या रात्री मी विचार करत बसले की आपण सगळेच गाडी का निवडतो? पेट्रोलचे भाव माहीत असून, वडखळची कोंडी माहीत असून.

आधी साधा हिशोब सांगते. कुर्ल्याहून मुरुड गाडीने, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा असं केलं तर सुमारे दीडशे किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा चौपदरी करायचं काम 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हा माझी ही लेक जन्माला यायची होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला निघालेला माणूस दहाला मुरुडला पोचला तर नशीबवान. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला, त्याने शिवडीहून पलीकडे जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात हे खरं, पण गाडीला एका बाजूचा टोल 250 रुपये आणि पुढे पेणची वाट तीच. शिवाय दुचाकी आणि रिक्षाला त्या पुलावर जाता येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे मोटार आहे त्याचाच तो रस्ता.

पाण्याने जायचं तर तीन वाटा. गेटवेवरून मांडव्याला लाँच, साधारण तासाभरात पोचते, आणि मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस तिकिटातच धरलेली असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, जिच्या पोटात गाडी घालून आपण वर जाऊन बसायचं. ही मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि सुरू झाल्या झाल्या टाळेबंदीत अडकली. तिसरी, सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत स्वस्त, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. भाजीवाल्या, मासळीवाल्या, मुंबईत कामाला असलेले रायगडकर हे तिचे प्रवासी. रेवस बंदरात गाळ इतका साचलाय की ओहोटीला लाँच धक्क्याला लागणं मुश्कील होतं. हा गाळ काही काल साचला नाही. मोटारींना समुद्रावरून न्यायची सोय झाली, टोपलीवाल्या बाईच्या वाटेतला गाळ मात्र तिथेच आहे. बाकी गेटवेच्या लाँच पावसाळ्यात, जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मांडव्याला उतरल्यावर मुरुड अजून सत्तर किलोमीटर. अलिबाग स्टँडवरून एसटी किंवा मिनीडोअर. थोडक्यात, बोटीने गेलं तर तीन वाहनं बदलायची, बहात्तर वर्षांच्या सासूबाईंना चढवायचं-उतरवायचं, आणि शेवटची लाँच चुकली तर अलिबागला मुक्काम.

तो मुक्काम हीच खरी अडचण. वाचक म्हणतील, एवढी दगदग करून एका दिवसात परत यायची घाई कशाला, राहा की एक रात्र. चार वर्षांपूर्वी आम्ही तसंच ठरवलं होतं. अलिबागच्या पलीकडे एका गावात घरगुती राहण्याची सोय होती, फोन केला. खोल्या आहेत, दोन देतो, जेवण घरचं, मासे हवेत का, किती माणसं, सगळं छान बोलणं झालं. माझं मराठी ऐकून समोरच्या माणसाने मला ताई म्हणायला सुरुवात केली. मग नाव विचारलं. मी नाव सांगितलं. पलीकडे थोडी शांतता, मग ‘‘एक मिनिट हं,’’ आणि मग ‘‘ताई, सॉरी, त्या तारखेला फुल्ल झालंय, आत्ताच कळलं.’’

हे सांगताना मला त्या माणसाचा राग आहे असं नाही. राग यायला समोर काहीतरी स्पष्ट असावं लागतं. कदाचित खरंच फुल्ल झालं असेल. हीच तर गोम आहे, कदाचित हा शब्द आपण स्वतःला इतक्या वेळा सांगतो की शेवटी फोन करायचंच सोडून देतो. आमच्या ओळखीच्या किती घरांमध्ये सहल म्हणजे एका दिवसाची सहल! पहाटे निघायचं, रात्री परत. कुणी विचारलं तर म्हणायचं, मुलांची शाळा आहे, सुट्टी कुठे मिळते.

आणि त्या एका दिवसातही कसे जातो आपण? सतरा सीटची ट्रॅव्हलर करतो. खालाजान, फुफीजान, त्यांची सुना-नातवंडं. बिर्याणीचा डबा घरून, पाणी घरून, चटई घरून. समुद्रावर एका बाजूला जागा बघून चटई टाकतो, खातो, मुलं पाण्यात खेळतात, परत डब्यात डबा घालून ट्रॅव्हलरमध्ये बसतो. दिवसभरात बाहेरच्या माणसाशी बोलणं झालं तर ते टोलनाक्यावर. मी यात आपल्यालाच बोलतेय. आजूबाजूच्यांनी थोडं ढकललं हे खरं, पण काच वर आपण केली, आणि आत एसी लावून आपल्याला बरं वाटायला लागलं. माझ्या लेकीला जे चौदाव्या वर्षी सुचलं ते तिने आमच्याकडूनच पाहिलेलं आहे.

मी सोलापूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा बीएड झालेली होते. लग्न होऊन कोकणी मुसलमानांच्या घरात आले तेव्हा मला कळलं की समुद्राला घाबरत नाहीत असे मुसलमान असतात. सासरे मालवाहू जहाजावर होते. त्यांचे वडील त्याआधी जहाजावर होते. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असं एकही मोहल्ल्याचं गाव नसेल जिथे कुणी खलाशी, तांडेल किंवा सारंग झाला नाही. सासऱ्यांची आई हजला गेली ती मुंबईहून जहाजाने, जेद्दापर्यंत. हजची जहाजं 1995 पर्यंत चालू होती, आता ती आठवणसुद्धा पुसट झाली. कोकणातल्या प्रत्येक बंदराला आगबोट थांबायची. धक्का नसेल तिथे बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या किनाऱ्याला यायच्या. त्या पडावात कोण कुणाच्या शेजारी बसलंय हे विचारायला सवड नसायची. भिजायचे सगळेच.

मी त्या काळाचं गुणगान करत नाहीये. सासूबाईंच्या घरात ‘रामदास’ हे नाव घेतलं की अजून सगळे गप्प होतात. 17 जुलै 1947 ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. जी थोडी वाचली त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी पाण्यातून काढलं होतं. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या आईने मरेपर्यंत गावची बोट घेतली की आधी आयतल कुर्सी म्हटली. आता 18 डिसेंबर 2024 चं उदाहरण घ्या. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, डझनभराहून जास्त माणसं गेली. नवऱ्याने वादात हे दोन्ही दाखले काढले. मी त्याला महामार्गावरचे दाखले दिले. अपघात मोजून प्रवास ठरवायचा म्हटलं तर घरात बसावं लागेल. लाँचवर चढल्या चढल्या लाइफ जॅकेट अंगात घालायचं, हसणारे हसू देत, हे मात्र मी दोन्ही मुलांकडून कबूल करून घेतलं.

खरी भीती मला बोटीची नव्हती, किनाऱ्याची होती. 1 फेब्रुवारी 2016. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरुडला आली होती, आणि समुद्रात उतरलेली 14 मुलं-मुली परत आली नाहीत. आमच्या शाळेत त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला नाही. मृतांची यादी वाचताना त्यांत आमच्या वर्गातल्या हजेरीपटासारखीच नावं होती. तेव्हापासून सहलीच्या अर्जात ‘समुद्रकिनारा’ हा शब्द लिहिला की मुख्याध्यापकांची पेन्सिल तिथेच थांबते. मला ते पटतं आणि पटतही नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या राज्यातल्या मुलांना समुद्र दाखवायचाच नाही, हा कसला उपाय? पाण्यात कधी उतरायचं हे शिकवता येतं.

ते मला सासूबाईंनी शिकवलं. मोबाईलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, पण त्यांना ते लागत नाही. कोकणात सगळ्यांना ठाऊक असलेला हिशोब आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येतील तितके वाजता भरती पूर्ण. पंधरानंतर परत एकपासून मोजायचं. सासूबाई तिथीऐवजी चांदाची तारीख धरतात आणि त्यात एक मिळवतात, कारण चांद दिसतो तो बहुधा अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी. चांद आठ म्हणजे तिथी नऊ. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास ओहोटीचा तळ, आणि त्यानंतर पाणी परत चढायला लागणार. कालनिर्णय आणि मशिदीतलं कॅलेंडर, दोन्ही एकाच भिंतीवर असलेल्या घरात हे गणित मुलांना एका मिनिटात कळतं. माझ्या मुलाने लगेच पूर्ण महिना काढून दाखवला.

‘‘चांद आठला चला,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘भांगाचं पाणी. ओढ कमी. पोरं दोन वाजता भिजतील, तेव्हा पाणी आत येत असेल, बाहेर खेचणार नाही.’’ अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीच्या आसपास भांग. सोलापूरच्या बाईला हे शब्द लग्नानंतर कळले, तुम्हीही लिहून ठेवा. अर्थात पाणी चढतं असलं तरी मुलांनी गुडघ्याच्या वर जायचं नाही, ही अट होतीच.

दुसरी अट होती शुक्रवार नको. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या जुम्म्याच्या नमाजासाठी दुपारी दोन तास थांबतात. तिथले होडीवाले बरेचसे आपलेच. पर्यटक वैतागतात, पण धक्क्यावर बसून राहतात.

तर अखेर बोट ठरली. लेकीला मी जबरदस्ती केली नाही, हे नोंदवून ठेवते. तिला एवढंच सांगितलं की बघतील, बघू देत, तू समुद्राकडे बघ. हे काही फार मोठं तत्त्वज्ञान नव्हतं आणि तिला ते पटलंही नव्हतं. ती आली कारण आजी चालली होती.

कुर्ल्याहून पहाटेची लोकल, सीएसएमटीवरून टॅक्सी, गेटवेवरून सकाळची पहिली लाँच. डिसेंबरच्या थंडीत लाँचच्या मागे पांढरे पक्षी येतात आणि लोक त्यांना कुरकुरे टाकतात. टाकू नयेत. माझ्या मुलाने टाकले, मी बघितलं नाही असं दाखवलं.

समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं. आम्ही आपसात बोलत होतो ते ऐकून त्या बाई मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’’

हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा महाराष्ट्रातला मुसलमान मला दाखवा. मी अठरा वर्षं मराठी शिकवते. उर्दू माध्यमाच्या मुलांना ‘च’चे दोन उच्चार शिकवून माझा घसा बसलाय. लेकीने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेचा अर्थ होता, ‘बघ, म्हणून गाडी म्हणत होते.’ मी नेहमीचं हसू हसले. इंजिनच्या आवाजात सासूबाईंना ऐकू आलं नव्हतं. ‘‘काय म्हणते ती?’’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ‘‘मग दुसरं काय बोलणार?’’ त्या म्हणाल्या, आणि थेट त्या बाईंकडे वळून, ‘‘तुमचं गाव कुठलं?’’

अमरावतीकडचं. पहिल्यांदाच समुद्र. आणि त्यांचा नवरा, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं, पांढराफटक पडला होता. लाँच हलायला लागल्यापासून त्याने रेलिंग सोडलेलं नव्हतं. सासूबाईंनी पिशवीतून लिंबू काढून त्याच्या हातात दिलं, वास घ्या म्हणाल्या, आणि पाण्याकडे नाही, लांबच्या डोंगराकडे बघा. मग पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या. तुम्ही अलिबागला कुलाबा किल्ला बघणार का? ओहोटी एकला आहे, पण आज भांग, पाणी पुरतं उतरणार नाही, चालत जायच्या भानगडीत पडू नका, घोडागाडी करा. अडीचच्या आत परत फिरा. मासे खायचे तर अमकं, शहाळं घ्यायचं तर तमकं. बाईंनी सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. उतरताना त्या सासूबाईंना म्हणाल्या, ‘‘आजी, येते हं.’’ नाव विचारायचं राहूनच गेलं, त्यांनी आमचं आणि आम्ही त्यांचं.

त्या बाईंचं मत त्या अर्ध्या तासात बदललं असेल असा माझा दावा नाही. त्यांचं काही मत होतं की नव्हतं हेही मला माहीत नाही. पण माझ्या लेकीने एक पाहिलं. तिची आजी, काळ्या बुरख्यातली, त्या लाँचवर पाहुणी नव्हती. पाहुणे समोरच्या बाकावर होते. दीडशे किलोमीटर गाडीत बसून हे तिला कुठे दिसलं असतं?

जंजिऱ्याचं लिहायला वेगळा लेख लागेल. आम्ही चौघे शिडाच्या होडीने गेलो, सासूबाई राजपुरीत मामेबहिणीकडे थांबल्या. त्यांनी किल्ला लहानपणी शंभरदा पाहिलाय. मुलाला कलाल बांगडी तोफ बघायची होती, लेकीला उर्दू येत असल्याने मी दरवाज्यावर तिला फार्सी अक्षरं वाचायला लावली आणि ती वैतागली. जंजिरा म्हणजे जज़ीरा, बेट. अरबी बातम्यांच्या वाहिनीच्या नावातला तोच शब्द, हे मात्र तिला आवडलं. समोर पाण्यात महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. अशा ठिकाणी उभं राहिलं की मला नेहमी थोडं अवघडायला होतं, आजूबाजूच्या गर्दीत कुणीतरी मोठ्याने काहीतरी बोलेल म्हणून. मुलांना मी एवढंच सांगितलं की या बाजूला सिद्दी होते, त्या बाजूच्या आरमारात दौलतखान होता, आणि दोन्हीकडच्या होड्या वल्हवणाऱ्यांत कोळी होते. पाण्यावरची लढाई ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी सोपी नव्हती. मुलाने विचारलं, मग कोण जिंकलं? मी म्हटलं, 1948 ला संस्थान भारतात आलं, आता तिकीट काढून आपण बघतो.

जेवण मामेबहिणीकडे. सासूबाई शाफई, त्यांनी जुहर आणि असर प्रवासात एकत्र उरकली. मी हनफी, माझी असर राहिली. अलिबाग स्टँडजवळ बायकांना नमाजाला जागा असलेली मशीद शोधली, मिळाली नाही. हे गाऱ्हाणं सरकारकडे मांडायचं नाही, आपल्याच जमातीकडे मांडायचं आहे, आणि मी ते मांडत राहणार आहे. स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल न लिहिलेलं बरं. एवढ्या एका कारणासाठी एखादी बाई गाडी निवडत असेल तर मी तिच्याशी वाद घालणार नाही.

मुलं दोन ते पावणेतीन भिजली. पाणी सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू आत येत होतं. तीनला मुरुड सोडायचं म्हणजे सोडायचं, ते सव्वातीनला सोडलं. एसटीत जागा मिळायला रेवदंडा यावं लागलं, तोपर्यंत सासूबाईंना एका कॉलेजच्या मुलाने उठून बसायला दिलं आणि आम्ही उभे. नवरा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मांडव्याला धावत पोचलो. लाँच मिळाली.

आता म्हणतात, रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग होणार, करंज्यापासून प्रत्येक खाडीवर पूल बांधणार. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, जिथे जिथे आज जंगल जेट्टीत गाडी घालून दहा-पंधरा मिनिटं पाण्यावर घालवावी लागतात, तिथे दोन मिनिटांत पलीकडे. रुग्णाला रात्री दवाखान्यात न्यायचं तर पूल हवाच, त्याला विरोध करायला मी कोण? पण फेरी बंद करून पूल बांधू नका, असं मला कुणाला तरी सांगायचंय. जंगल जेट्टीत मोटारवाले खाली उतरतात, कठड्याला टेकतात, शेजारच्याला विचारतात कुठून आलात. पुलावर कुणी काच खाली करत नाही. आणि पूल होण्याआधी रेवसचा गाळ तेवढा काढा.

घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. नवऱ्याचं म्हणणं अजून तेच आहे, गाडीने गेलो असतो तर दुपारी झोप झाली असती. पुढच्या वेळी श्रीवर्धन करू म्हणतोय, रो-रोने गाडी मांडव्याला उतरवायची, मग आगरदांड्याहून जंगल जेट्टीने पलीकडे दिघीला, म्हणजे दोघांचंही ऐकल्यासारखं होईल. हरकत नाही. लेकीला विचारलं, तर तिने मोबाईलमधून मान वर न करता विचारलं, ‘‘रो-रोवर वर जाऊन बसता येतं ना? की गाडीतच बसावं लागतं?’’

वर जाऊन बसावं लागतं, मी म्हटलं. सासूबाईंनी आतून विचारलं, चांद कितवा धरताय?